बॉनेटखालचे अनुमान

मराठीत ‘तर्क’ हा शब्द मोठा सोशिक आहे. न्यायशास्त्राच्या पोथीत तो गंभीर चेहऱ्याने बसतो. पारावर आला की त्याचे ‘तर्कवितर्क’ होतात. कोणी फार ताणला तर ‘तर्कट’ होते. आणि जिथे माणसाची बुद्धी थकते तिथे तो ‘अतर्क्य’ म्हणून बाजूला होतो. साहित्याच्या वर्गात मात्र त्याची अवस्था फारशी बरी नाही. कवितेतील एखाद्या प्रतिमेचा अर्थ काय असावा, असा प्रश्न टाकला की विद्यार्थी वहीत मान घालतात, कारण ‘असावा’ या क्रियापदावर त्यांचा विश्वास नसतो. त्यांना ‘आहे’ हवे असते. तेही गाइडमधले, अधोरेखित केलेले. तीच मुले फाटकाबाहेर पडली की अजून बाजारात न आलेल्या एखाद्या मोटारीत कोणते इंजिन असावे यावर तास तास वाद घालतात, आणि तो वाद असा शिस्तीने चालतो की एखाद्या चर्चासत्राने हेवा करावा. हा लेख त्या वादाविषयी आहे.

आम्ही दोघे घोटीत राहतो आणि याच तालुक्यात मराठी शिकवतो. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे, दोघांचीही पदवी मराठीतील एम.ए.ची, आणि मोटारीविषयीचे आमचे मूळचे ज्ञान पेट्रोलपंपावर कोणत्या रांगेत उभे राहावे इथपर्यंतचे. तरीही या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांला गावाने दिला आहे असे आम्ही मानतो. घोटी म्हटले की बाहेरच्या माणसाला भाताच्या गिरण्या आठवतात, महामार्गावरचा टोलनाका आठवतो, किंवा १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईकडे जाणारी वाट आठवते. परंतु या पट्ट्याचा इतिहास इंजिनांचाही आहे. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा थळ घाट चढताना रेल्वेगाडीला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावतात. त्यांना इथले लहान मूलही ‘बँकर’ म्हणते. मुंबईकडचा वीजप्रवाह एका प्रकारचा आणि इगतपुरीपुढचा दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळे अनेक वर्षे गाड्या इगतपुरीला इंजिन बदलण्यासाठी थांबत. त्याच इगतपुरीत महिंद्रा कंपनीचा मोटारींची इंजिने बनवणारा कारखाना आहे; आणि विरुद्ध दिशेला, नाशिकमध्ये, त्याच कंपनीच्या कारखान्यात स्कॉर्पिओ, बोलेरो, थार यांसारख्या गाड्या तयार होत आल्या आहेत. इंजिने एका बाजूला, गाड्या दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या रस्त्यावर आम्ही.

अशा गावात इंजिनाविषयी तर्क करणे हा केवळ शौक राहत नाही. महामार्गालगतच्या एका चहाच्या टपरीवर हे मंडळ जमते. त्यात आमचे द्वितीय वर्ष कलाशाखेचे तिघे-चौघे, आयटीआयमधली काही मुले, एक गॅरेजवाला आणि आयुष्यभर इंजिने जुळवून निवृत्त झालेले एक फिटर काका असतात. काकांचा नियम असा, की सगळे ऐकायचे आणि स्वतःचा अंदाज सांगायचा नाही. मुलांनी फारच गळ घातली तर म्हणतात, “मी सांगितलं की तुमचा खेळ संपला.” आम्हांला ही भूमिका मोठी मार्मिक वाटते. ज्याला उत्तर ठाऊक असण्याची शक्यता अधिक, त्यानेच मौन धरावे, म्हणजे इतरांना पुराव्याकडे पाहावे लागते.

या मंडळाचा पहिला मोठा वाद आम्ही ऐकला तो २०१७ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधला. टाटा मोटर्सने ‘टॅमो’ नावाची नवी शाखा जाहीर केली होती आणि जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात तिची दोन आसनी स्पोर्ट्स कार येणार होती. भारतीय कंपनीची स्पोर्ट्स कार! भाताची पोती वाहणाऱ्या टेम्पोंच्या गर्दीत उभे राहून मुले त्या न पाहिलेल्या गाडीवर बोलत होती. दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की जॅग्वार-लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या घरात आहे. एवढ्या मोठ्या घराण्याची इंजिने हाताशी असताना स्पोर्ट्स कारला लहान इंजिन कोण घालील? दुसरा पक्ष म्हणे, गाडी लहान आहे, किंमत आवाक्यात ठेवायची असेल तर घरच्या रेव्होट्रॉन मालिकेतलेच १.२ लिटरचे इंजिन घेतील आणि त्याला टर्बो लावतील. ७ मार्च २०१७ रोजी रेसमो नावाची ती गाडी प्रकट झाली. इंजिन तीन सिलिंडरचे, १.२ लिटरचे, टर्बो लावलेले. चालकाच्या पाठीमागे बसवलेले. दुसरा पक्ष जिंकला. परंतु त्या इंजिनाची शक्ती होती १९० पीएस, आणि त्याचा अंदाज जिंकलेल्या पक्षालाही आला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या नेक्सॉनमध्ये १.२ लिटरचेच टर्बो इंजिन ११० पीएस देत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. आकारावरून शक्ती ठरत नाही. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरवून सिलिंडरात जादा हवा कोंबता येते, ही टर्बोची युक्ती गॅरेजवाल्याने त्या दिवशी चहाच्या किटलीवर समजावून दिली.

पहिल्या पक्षाच्या युक्तिवादात काय कमी होते, यावर आम्ही दोघे नंतर बराच वेळ बोलत राहिलो. माहितीत चूक नव्हती. जॅग्वार खरोखरच टाटांकडे होती. कमतरता ही, की त्यांच्या अनुमानात इच्छा मिसळली होती. गाडी थोर असावी असे त्यांना वाटत होते आणि थोर गाडीला मोठे इंजिन शोभते. म्हणून इंजिन मोठे असणार. साहित्याच्या अभ्यासातही हे पदोपदी आढळते. कवी आपल्याला प्रिय असला की त्याच्या साध्या रचनेतही आपण अध्यात्माचे मोठे इंजिन बसवून मोकळे होतो. रेसमोची पुढची हकिकत मात्र दोन्ही पक्षांना सारखीच कडू ठरली. प्रकल्प थांबला आणि ती गाडी विक्रीला आलीच नाही.

त्या वादातून मंडळाला एक सवय लागली. ‘कोणते इंजिन’ या प्रश्नाआधी ‘कुणाचे इंजिन’ हा प्रश्न विचारायचा. भारतातील स्पोर्ट्स कारचा लहानसा इतिहास पाहिला तर हा प्रश्न किती अटळ आहे ते दिसते. १९९८च्या सुमारास आलेल्या सॅन स्टॉर्म या चिमुकल्या दोन आसनी गाडीत रेनोचे १.२ लिटरचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे इंजिन होते. दिलीप छाब्रियांची अवंती २०१२च्या दिल्लीतील प्रदर्शनात झळकली. ग्राहकांच्या हाती आली तेव्हा तिच्यातही रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन होते, सुमारे अडीचशे अश्वशक्तीचे. म्हणजे अंगरखा इथला आणि काळीज फ्रान्सचे. आमच्या शेजारच्या कंपनीची कथाही याला अपवाद नाही. अमेरिकेतील विलीज जीप जोडण्यापासून तिची सुरुवात झाली, पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिने बनली, २००२च्या स्कॉर्पिओत पेट्रोलचे इंजिन रेनोचे होते, आणि ‘एमहॉक’ हे स्वतःच्या नावाचे डिझेल इंजिन ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या मदतीने आकाराला आले.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही वंशावळ ओळखीची वाटावी. आपल्या कादंबरीचे, नाटकाचे, भावकवितेचे बाह्यांग इथले आणि यंत्र परके, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीने त्याला धार आली. टपरीवरचा एक मुलगा एकदा सहज म्हणाला, “परवाना घेऊन बनवलं तरी वीस वर्षं आपल्या रस्त्यावर चाललं की ते आपलंच.” त्याने देशीवादाचे नाव ऐकलेले नव्हते. परंतु उसन्या रूपाला आपल्या मातीतले खड्डे, चढ आणि ओझी सोसावी लागली की ते रूप बदलते, ही गोष्ट त्याने बरोबर पकडली होती. परवान्यावर आलेल्या त्या डिझेल इंजिनाने आपल्याकडे जीप ओढली, आणि वडापच्या जीपमध्ये किती माणसे बसतात हे ज्याने पाहिले आहे त्याला इंजिनाचे देशीकरण म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतरचा मोठा वाद नव्या थारचा. २०१८-१९च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणात लपेटलेल्या, लाल पाटीच्या ‘टेस्टिंगच्या गाड्या’ रस्त्याने जाताना दिसत. थार ही काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे, पण आमच्या मुलांच्या मनात तिचे स्थान तेच होते. कामासाठी नव्हे तर हौसेसाठी घ्यायची गाडी. एके संध्याकाळी अशी एक गाडी टपरीसमोर वाहतुकीत अडकली. बोलणे थांबले. एक जण डोळे मिटून म्हणाला, “सर, डिझेल नाही हा. डिझेलची खडखड लगेच कळते.” दुसरा म्हणाला, “नवीन डिझेलपण शांत असतं रे. तू जुन्या पिकअपच्या आवाजावरून नको सांगू.” तिसरा म्हणाला, “थांबा, चढाला लागू द्या. गिअर टाकल्यावर कळंल.” आनंदवर्धनाने ‘ध्वनी’ या संज्ञेने न बोललेला अर्थ सुचवला. इथे मुले शब्दशः ध्वनीवरून न दिसलेल्या वस्तूपर्यंत जाऊ पाहत होती.

त्यांच्या ऐकण्यामागे शास्त्र होते, हे पुढे आम्हांला फिटर काकांनी सांगितले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवाच इतकी दाबतात की ती तापते आणि त्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. दाब एकदम वाढतो, त्याचा तो ठोका. सिलिंडर किती हेही कानाने कळू शकते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला नऊशे फेऱ्यांवर उभ्या असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला तीस ठोके पडतात, तीन सिलिंडरच्या गाडीत साडेबावीस. मात्रा मोजणाऱ्या माणसाला यात वृत्ताचा भास व्हावा. याखेरीज मुले इतर पुरावे गोळा करीत. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी किती, कोणी चोरून काढलेल्या छायाचित्रात डायलवरचा लाल पट्टा कुठे सुरू होतो (डिझेलचा लवकर, पेट्रोलचा उशिरा), बॉनेटची उंची किती.

न्यायदर्शनातील अनुमानाचे उदाहरण आपण सर्वांनी कधी ना कधी पाठ केलेले असते. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कारण जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. टपरीवरची मुले नेमके हेच करीत होती. ‘या गाडीत पेट्रोल इंजिन आहे’ ही प्रतिज्ञा, ‘लाल पट्टा उशिरा सुरू होतो’ हा हेतू, आणि उदाहरणादाखल रस्त्यावरची एखादी ओळखीची पेट्रोल गाडी. नैयायिकांनी हेतूच्या दोषांचीही यादी केली आहे. त्यातला एक दोष असा, की ज्याला आपण धूर समजतो तो धूरच नसून वाफ असते. घोटीत राहणाऱ्याला हा दोष पुस्तकातून शिकावा लागत नाही. जून ते सप्टेंबर इथल्या डोंगरांवर रोज धूर दिसतो आणि अग्नी कुठेच नसतो. ते धुके असते. ‘धूर नीट पाहा’ एवढा एक उपदेश जरी वर्गातून मुलांपर्यंत पोहोचला, तरी समीक्षेचा अर्धा अभ्यासक्रम पूर्ण झाला असे आम्ही म्हणू.

थारच्या वादाचा निकाल विचक्षण वाचकाला आवडेल असा लागला. फेब्रुवारी २०२०मध्ये ग्रेटर नोएडाच्या प्रदर्शनात कंपनीने ‘एमस्टॅलियन’ ही नवी पेट्रोल इंजिने दाखवली. १५ ऑगस्टला गाडी प्रकट झाली आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आली. तिच्यात दोन लिटरचे, दीडशे अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. आणि २.२ लिटरचे, एकशे तीस अश्वशक्तीचे डिझेलही होते. पेट्रोल की डिझेल या प्रश्नावर दोन वर्षे भांडलेले दोन्ही पक्ष बरोबर ठरले. जुन्या एक्सयूव्ही ५००मधले २.२ लिटरचे पेट्रोल इंजिनच इथे येणार असे म्हणणारा तिसरा पक्ष तेवढा पडला. फिटर काकांनी त्या दिवशी नियम मोडून एकच वाक्य उच्चारले: “तुम्ही ‘की’ म्हणत होता, तिथं ‘आणि’ होतं.”

हे वाक्य आम्ही तेव्हापासून वर्गात वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने ज्ञानदेव एक की दोन, असा प्रश्न उपस्थित केला. ज्ञानेश्वरी लिहिणारा वेगळा आणि अभंग रचणारा वेगळा, असा तो तर्क. भाषेचा पोत वेगळा, भक्तीचा विषय वेगळा. मग कर्ता एक कसा? पुढे बहुतेक अभ्यासकांनी एकच ज्ञानदेव मानला. आमच्या विद्यार्थ्यांना हा वाद पूर्वी कंटाळवाणा वाटे. इंजिनाच्या भाषेत मांडल्यावर तो त्यांना एकदम कळला: एकाच गाडीत दोन इंजिने येऊ शकतात, तर एकाच कवीला दोन आवाज का असू नयेत? अर्थात यावरून भारद्वाजांचा तर्क फुकट होता असे आम्ही म्हणत नाही. त्या तर्कामुळे दोन्ही रचनांकडे कान देऊन पाहणे लोकांना भाग पडले. चुकीचा ठरलेला चांगला तर्क बरोबर ठरलेल्या आळशी तर्कापेक्षा वाङ्मयाच्या अधिक उपयोगी पडतो.

या सगळ्यात एक प्रौढ धडाही आहे, आणि तो मुलांना सर्वांत उशिरा कळला. इंजिनाचा आकार पुष्कळदा कायदा ठरवतो. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. लगेच जानेवारी २०१६मध्ये महिंद्राचे एमहॉक इंजिन १.९९ लिटरचे होऊन आले. म्हणजे मर्यादेच्या उंबऱ्याच्या किंचित आत. ऑगस्ट २०१६मध्ये उपकराच्या अटीवर बंदी उठली. दुसरे उदाहरण करांचे. आपल्याकडे चार मीटरपेक्षा कमी लांबीची गाडी असेल, आणि पेट्रोलचे इंजिन १२०० किंवा डिझेलचे १५०० सीसीच्या आत असेल, तर ती लहान गाडी म्हणून कमी करात बसते. नव्या थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे हे कळताच मंडळातील एका शांत मुलाने सांगून टाकले, की आज ना उद्या हिच्यात दीड लिटरचे डिझेल येणारच. नाहीतर पंधरा मिलिमीटर वाचवण्याची एवढी काळजी कोणी कशाला करील? जानेवारी २०२३मध्ये ते इंजिन आले. त्याने गाडीचा आवाज ऐकला नव्हता, छायाचित्रे पाहिली नव्हती. त्याने संदर्भ वाचला होता. संहितेबाहेरच्या जगाचा, म्हणजे मुद्रणाचा, बाजाराचा, सत्तेचा दाब संहितेच्या आकारावर कसा पडतो, हे आम्ही जड शब्दांत सांगतो. त्याने ते पंधरा मिलिमीटरमध्ये सांगितले.

इथपर्यंत सारे आनंदाचे आहे. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो.

महिंद्राने इटलीतील पिनिनफारिना ही गाड्यांचा आराखडा करणारी जुनी संस्था विकत घेतली होती, आणि २०१८मध्ये त्याच नावाची मोटार कंपनी सुरू केली. तिची पहिली अतिवेगवान स्पोर्ट्स कार येणार म्हटल्यावर टपरीवर पुन्हा तर्क सुरू झाले. आठ सिलिंडर की बारा? इंजिन पुढे की मागे? मार्च २०१९मध्ये जिनिव्हात बातिस्ता प्रकट झाली. शक्ती १९०० पीएस. चार चाकांना चार विद्युत मोटारी, पोटात १२० किलोवॅट-तासांची बॅटरी, तंत्र बरेचसे क्रोएशियातील रिमाक कंपनीचे. इंजिन नाहीच. विजेची गाडी येणार हे काही मुलांनी बातम्यांत वाचले होते, पण ज्यांना ते ठाऊक होते तेही ‘कोणते इंजिन’ असेच विचारत राहिले होते, कारण दुसऱ्या रीतीने प्रश्न विचारण्याची सवयच नव्हती. ‘की’च्या जागी ‘आणि’ निघणे वेगळे. इथे तर प्रश्नाच्या पायाखालची जमीनच नव्हती.

जिनिव्हाची गाडी दूरची म्हणून सोडून देता येईल. परंतु नोव्हेंबर २०२४मध्ये महिंद्राने आपल्या खास विजेसाठी घडवलेल्या दोन गाड्या आणल्या. त्या चाकणला बनतात आणि आता आमच्या रस्त्यावरून जातात. या गाड्यांसाठी ध्वनिरचना ए. आर. रहमान यांच्याकडून करून घेतल्याचे कंपनीने २०२३मध्येच सांगितले होते. हे वाचून आम्ही दोघे थबकलो. ज्या ध्वनीवरून मुले आतली वस्तू ओळखत, तो ध्वनी आता आतल्या वस्तूचा राहिलेला नाही. तो वेगळा रचून बाहेरून बसवलेला आहे. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर धूर आहे, सुंदर आहे, आणि अग्नी नाही. अशा काळात कान असलेल्या वाचकाने कशावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न केवळ मोटारीपुरता नाही.

आमच्या त्या शांत विद्यार्थ्याने, ज्याने पंधरा मिलिमीटरचा तर्क केला होता, बी.ए. पूर्ण केले. आता तो या परिसरातील एका लहान वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या सुट्या भागांवर काम करतो. गेल्या पावसाळ्यात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, मॅडम, बॅटरीच्या गाडीत सिलिंडर हेड नसतं. व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन नसतो. मी ज्याच्यावर हात बसवलाय त्यातलं काहीच नसतं.” तक्रारीचा सूर नव्हता, पूर्वी डायलवरचा लाल पट्टा दाखवावा तसा तो पुरावा दाखवत होता. आम्ही म्हणालो, इंजिने अजून बनत आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पाच दारांच्या थारमध्येही पेट्रोल आणि डिझेल दोन्ही आहेत. तो हसला. “म्हणजे सध्या ‘आणि’ आहे. ‘की’ कधी येईल ते सांगा.”

याचे उत्तर देण्याची आमची पात्रता नाही आणि फिटर काकांनीही ते दिले नाही. या पट्ट्याने एक स्थित्यंतर यापूर्वी पाहिले आहे. १९३०च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली आणि वाफेच्या इंजिनांभोवतीची कितीतरी कामे हळूहळू संपली. गाव संपले नाही, कामे बदलली. परंतु ‘गाव संपले नाही’ हे वाक्य ज्याचे काम संपले त्याला कितपत दिलासा देते, हे आपण पुस्तकी माणसांनी जपून बोलावे. विजेची गाडी हवेला बरी, हेही खरे. इगतपुरीचा तो इंजिन कारखानाच २०१८मध्ये कार्बन-तटस्थ म्हणून प्रमाणित झाला होता. म्हणजे बदलाची जाण इंजिने बनवणाऱ्यांनाही आहे. खरी अडचण वेगळी आहे. कोणते इंजिन, कुणाचे इंजिन, या प्रश्नांवर ज्या मुलांनी बुद्धी परजली, त्यांना आता ‘इंजिन कशाला’ हा प्रश्न विचारावा लागतो आहे. आणि या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचे पोट अवलंबून आहे. गृहीतक तपासणे हे समीक्षेचे काम म्हणून आम्ही शिकवतो. ते तपासताना एखाद्याचा हात थरथरू शकतो, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो.

सध्या आम्ही दोघे एक किरकोळ काम करीत आहोत. टपरीवर आणि गॅरेजमध्ये इंजिनाच्या आवाजासाठी वापरले जाणारे शब्द टिपून ठेवत आहोत. खडखड, धडधड, घरघर, टकटक, भकभक. आणि प्रत्येक शब्दाचा दोष वेगळा. गॅरेजवाल्याशी बोलताना टकटक आणि खडखड यांत गल्लत केली तर तो भलताच भाग उघडील. याच ध्वनींतून मराठीने ‘फटफटी’ घडवली, ‘झुकझुकगाडी’ घडवली. वाहनाला त्याच्या इंजिनाच्या आवाजाचे नाव देणारी ही भाषा आहे. विजेच्या गाडीला मुलांनी ठेवलेले असे नाव अजून आमच्या कानावर आलेले नाही. ते काय असावे, यावर टपरीवर तर्क चालू आहेत. काका ऐकत असतात.